लोटलेलं दार

त्या ड्रायव्हरचं बोट फारच वेळेवर वर येत होतं. कानाच्या तपासणीत असं होत नाही. सतरा वर्षं मी हेच काम करते आहे, माणसाचं बोट कुठे आणि कसं चुकतं ते मला पाठ आहे. शिट्टी बारीक होत गेली की माणूस घुटमळतो, बोट अर्धं उचलतो, खाली घेतो, कधी न वाजलेल्या शिट्टीलाही वर करतो आणि मग काचेतून माझ्याकडे बघून ओशाळं हसतो. या गृहस्थांचं तसं काहीच नव्हतं. मी बटण दाबलं की बोट वर, सोडलं की खाली. आमच्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीला आम्ही डबा म्हणतो. जाड दाराची, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारी, एका माणसापुरती खोली. तिच्या काचेपलीकडे तो कानांवर हेडफोन लावून ताठ बसला होता, आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, माझ्या उजव्या खांद्यावर होती. मला शंका आली. मी बटणावरचा हात काढून घेतला आणि नुसता खांदा जरासा उचलला. त्याचं बोट वर आलं. पुन्हा उचलला, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा खांदा उचलताना मला आठवलं, त्याच खुर्चीत, तशीच मान ताठ करून, चार वर्षांपूर्वी माझे बाबा बसले होते.

ड्रायव्हर बाहेर आला तेव्हा घामाने डबडबलेला होता. "पास ना मॅडम?" त्याने विचारलं. मी म्हणाले, पुन्हा यावं लागेल. तो माझ्या ओठांकडे बघत "हो हो, तेच, तेच," म्हणाला. तो गेल्यावर मी डब्यात जाऊन त्या खुर्चीवर बसले, कारण तिथून काय दिसतं ते मला बघायचं होतं. काचेतून माझं टेबल दिसत होतं, माझं रिकामं स्टूल दिसत होतं. खुर्ची काचेला आडवी ठेवायची असते, तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ती मी बाबांसाठी वळवली होती. त्यांना बंद खोलीची धास्ती वाटायची. "तुझं तोंड दिसत राहू दे, मग काय हवं ते कर," असं ते म्हणाले आणि मी लाडाने खुर्ची समोर फिरवली. नंतर ती तशीच राहिली. लोकांना समोर माणूस दिसलं की बरं वाटतं अशी मी माझी समजूत घालून घेतली. चार वर्षांत त्या खुर्चीत किती जण बसले असतील आणि त्यातल्या कितींनी माझा खांदा ऐकला असेल, हे मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मला थोडा वेळ काही ऐकायचं नव्हतं, म्हणून मी डब्याचं जाड दार आतून ओढून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा ती टकटक झाली. टक, टक, आणि जरा थांबून, टक. मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. समोरच्या बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन झोपली होती.

मी खुर्ची आडवी केली, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि आठ दिवसांची रजा मागितली. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "जुन्या लोकांना हळूहळू परत बोलावू. तुम्ही आधी जरा शांत ठिकाणी जाऊन या." शांत ठिकाण म्हटलं की लोकांना समुद्र का आठवतो कोण जाणे. समुद्राइतकी बडबडी वस्तू मला तरी माहीत नाही. पण मीही तेच केलं, बॅग भरली आणि ज्या गावाला किनारा आहे आणि ओळखीचं कोणी नाही अशा गावाचं तिकीट काढलं. खरं सांगायचं तर मला शांतता हवी होती ती कामासाठी. रजा सुरू होईपर्यंतच्या आठवड्यात माझी एकही तपासणी धड झाली नव्हती. बारीक शिट्टी सोडली की तिच्यामागे ती टकटक यायची आणि पुढच्या माणसाने बोट वर केलं ते कशाला हेच मला कळेनासं व्हायचं. आठ दिवसांत कान निवळले नाहीत तर मला ती खुर्ची, तो डबा, ती नोकरी, सगळं सोडावं लागणार होतं. दुसरं काही मला येत नाही.

पहिली जागा किनाऱ्यालगतच्या लॉजवर बघितली. मॅनेजरने खोली उघडून दिली आणि "एकदम शांत, मॅडम," म्हणून पंखा लावला. धंद्याची खोड अशी की मी खोलीत शिरले की भिंतींचा रंग बघत नाही, आधी डोळे मिटून उभी राहते. पंख्याची कुरकुर, त्याखाली ट्यूबलाइटचा बारीक सूर, बाथरूमच्या नळाचा थेंब, गच्चीवर पाण्याचा पंप, शेजारच्या खोलीत कुणीतरी पोराला गणित शिकवत होतं आणि पोराचा सातचा पाढा पुन्हा पुन्हा त्रेसष्टला अडत होता. "मॅडम, बरं वाटत नाही का?" मॅनेजरने विचारलं. मी म्हणाले, दुसरी बघते.

बाबांचं दुकान दाराएवढं रुंद होतं. आत एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि शंभरेक घड्याळं, त्यातली निम्मी बंद. ते घड्याळ दुरुस्त करायचे आणि कानाला लावून चाल ऐकायचे. पुढे पुढे ते घड्याळ कानाला न लावता कानामागच्या हाडावर दाबायला लागले. मी रोज बघत होते. कान साथ देईनासा झाला की माणसाला हाडातून ऐकू येतं, हे मी दिवसातून दहा जणांना समजावून सांगते. त्याच हाडावर ठेवायचं यंत्र माझ्या टेबलावर हुकाला टांगलेलं असतं. आणि माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत तेच करत होता, तर मला वाटलं, हाताला लागलेली सवय. गिऱ्हाईकं घड्याळं परत आणायला लागली, तेव्हा मी म्हणाले, बाबा, एकदा तपासून घेऊ. ते चिडले. "माझे कान शाबूत आहेत," म्हणाले. तरी आले. रविवारी, दवाखाना बंद असताना, इस्त्रीचा शर्ट घालून. तीस-चाळीस वर्षं ज्याने केसाएवढ्या स्प्रिंगची थरथर बघितली, त्याला माझा खांदा दिसायला कितीसा वेळ लागणार? सगळ्या शिट्ट्यांना त्यांनी बोट वर केलं. मी आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या काढल्या आणि खाली लिहिलं, वयाच्या मानाने उत्तम. त्यांनी तो कागद फ्रेम करून दुकानात लावला. "मुलीनं काढलंय," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. पुढची चार वर्षं मी त्यांना काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. ऐकू येतं तुम्हाला, लक्ष नसतं. तुम्हाला हवं तेवढंच ऐकता. बहिऱ्याचं सोंग पुरे. माझ्याकडे कागद होता ना.

दुसरी जागा गावाच्या टोकाला होती. जुन्या काळी कुणा अधिकाऱ्यासाठी बांधलेलं विश्रामगृह, हातभर जाडीच्या भिंती, आणि मुख्य म्हणजे रिकामं. तिथल्या रखवालदाराने खोली उघडली, खिडकी लावली, आणि मी डोळे मिटले तर खरोखरच काही ऐकू येईना. समुद्रसुद्धा नुसता लांबून श्वास घेतल्यासारखा. मी खूश झाले. रखवालदाराला म्हणाले, हीच द्या, आणि तो चादरी आणायला गेला. मी पलंगावर बसले. दुपारचे साडेतीन वाजले होते. टक, टक, आणि जरा थांबून, टक. या वेळी मी दाराकडे धावले नाही. बसून नीट ऐकलं, जशी दुसऱ्यांना ऐकायला लावते तशी. आवाज लाकडातून येत होता, थोडा दबलेला, बोटाच्या पेरांचा. दोनदा पटकन आणि तिसऱ्यांदा जरा रागाने. आणि मग ती वाजवणारी बोटं कुणाची ते मी ओळखलं. माझीच. मी दार असंच वाजवते. फक्त आजवर मी ते बाहेरून ऐकलं होतं. हे दाराच्या आतल्या बाजूने ऐकलेलं होतं. रखवालदार चादरी घेऊन आला तेव्हा मी बॅगेसकट रस्त्यावर होते. "बाई, आत काही दिसलं का?" त्याने घाबरून विचारलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, आता याचीच गावभर बोंब होणार. मी म्हणाले, नाही हो, जागा फारच चांगली आहे.

तिसरी जागा मी शोधली नाही, तिनेच मला पकडलं. बोळातून जाताना एक सत्तरीच्या बाई अंगणात चादरी वाळत घालत होत्या, तोंडात दोन चिमटे. मला बॅगेसकट बघून चिमटे काढून म्हणाल्या, "खोली हवी ना? ये. स्वच्छ आहे, हवेशीर आहे, आणि शांत म्हणशील तर टाचणी पडली तरी ऐकू येईल." हे त्या म्हणत असताना त्यांच्या कुंपणापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात एक लादी पन्हळीवरून घसरत येऊन धाडकन आदळली. मी दचकले. बाई दचकल्या नाहीत. त्यामागे कारखान्याचं यंत्र घरघरत होतं, इतकं की अंगणातली बादली थरथरत होती. मी हळू आवाजात, तोंड दुसरीकडे करून विचारलं, "काकू, पाणी चोवीस तास असतं का?" त्या म्हणाल्या, "हो हो, खिडकी समुद्राकडेच आहे." असं उत्तर मी चार वर्षं बाबांकडून ऐकलं होतं.

मी ती खोली घेतली. शांत जागेच्या शोधात निघालेली बाई बर्फाच्या कारखान्याच्या कुशीत जाऊन पडली, हे कुणाला सांगितलं तर हसेल. पण त्या घरघरीत मला टकटक ऐकू येत नव्हती. दिवसभर लाद्या आदळायच्या, टेम्पो मागे घेताना कारखान्याचे लोक एकमेकांना शिव्या घालायचे, आणि मी तीन दिवस दुपारभर मेल्यासारखी झोपले. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे. काकूंचं घर पुढे, माझी खोली मागे, मध्ये अंगण. काकू सतत बोलायच्या. माणूस बोलत राहिला की त्याला ऐकावं लागत नाही, ही युक्तीही माझ्या ओळखीची. बोलताना त्यांचा तळहात टेबलावर सपाट ठेवलेला असायचा, म्हणजे कोणी पायरी चढलं की लाकडातून त्यांना कळायचं. रजिस्टरमध्ये माझा धंदा वाचून त्या म्हणाल्या, "कानाची? म्हणजे डॉक्टर?" मी समोर बघत, ओठ नीट हलवत म्हणाले, "डॉक्टर नाही. कान तपासते." त्या दिवशी पहिल्यांदाच काकू गप्प बसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "एक काम होतं. मला जरा लिहून देशील का, की माझे कान ठीक आहेत म्हणून?" त्या चौकटीला टेकल्या. "पोरगा येतोय पुढच्या आठवड्यात. म्हणतो घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे चल. म्हणतो, तुला ऐकू येत नाही, घरात कोणी शिरलं तर कळायचं नाही. आता मला सांग, इथून उठून मी त्यांच्या चौथ्या मजल्यावर काय करू? तिथे वाळत घालायला दोरीसुद्धा नाही. तुझा कागद असला की त्याचं तोंड बंद. शिक्का आणलायस?"

"शिक्का घेऊन कोण सुट्टीला येतं, काकू?"

"सही चालेल. मोठी कर."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू येईल असं वाटलं. उद्या बघते, म्हणाले. "मग उद्या चारला चहाला ये माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मी वाट बघते." त्या दिवशी मी किनाऱ्यावर बसून तो कागद मनातल्या मनात दहा वेळा लिहिला. किती सोपं होतं. एक ओळ, एक सही. बाईचं घर राहील, दोरी राहील, चादरी राहतील. आणि मग एखाद्या दुपारी तिचा मुलगा येईल, दार वाजवेल, आईला ऐकू येतं असा कागद त्याच्या खिशात असेल, आणि तो म्हणेल, रुसली आहे.

कारण मी तसंच म्हणाले होते. बाबा गेले त्याच्या आधीच्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत उभी होते. मी नवऱ्यापासून वेगळी होते आहे, हे मला त्यांना सांगायचं होतं, आणि तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून पाठ करून सांगितलं. मागून ते म्हणाले, "बरं झालं. ऊन उतरलं की निघ." मी ताट आपटलं. काय काय बोलले. त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं गं?" आणि मी तर आणखीच भडकले, आता नाटक करतात म्हणून. पुढच्या रविवारी तरी गेले. साडेतीनला. बेल मी बसवून दिली होती ती त्यांनी काढून टाकली होती, दचकायला होतं असं सांगून. मी दार वाजवलं. टक, टक, आणि जरा थांबून, टक. आत पंख्याचा आवाज येत होता. म्हणजे घरात होते. म्हणजे रुसले होते. बसा रुसून, असं मी मोठ्याने म्हणाले आणि जिना उतरले. सोमवारी सकाळी समोरच्या शिंप्याचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला गेले असावेत, झोपेत, त्रास झाला नाही. म्हणजे साडेतीनला होते. शिंप्याने मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या मी कुणाला सांगितल्या नाहीत. एक, टेबलावर दोन कप काढून ठेवले होते, वर बशा झाकून. दुसरी, त्याला दार तोडावं वगैरे लागलं नाही. "नुसतं लोटलेलं होतं," तो म्हणाला. "कडी नव्हती." मी यावर कधी विचार केला नाही. विचार येऊ लागला की उठून पाणी प्यायचे.

दुसऱ्या दिवशी चारला मी अंगण ओलांडून काकूंच्या दाराशी गेले. दार बंद होतं. मी वाजवलं. माझ्या हाताने आपोआप तसंच वाजवलं, दोनदा आणि मग एकदा. आतून उत्तर नाही. कारखान्याचं यंत्र काही कारणाने बंद होतं आणि बोळात विचित्र शांतता होती. माझं वाजवणं मला फार स्पष्ट ऐकू आलं. बाजारात गेल्या असतील, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले, स्वतःशी, मोठ्याने. आणि वळून दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. सत्तेचाळीस वर्षांची, कानांचं शिक्षण घेतलेली, सगळं समजून चुकलेली बाई, आणि पाय होते की त्याच वाटेने निघाले. तिसऱ्या पायरीवर पाय अडला. मला वाटलं, आता मागे फिरले तर आत काय दिसेल ते मला माहीत आहे, आणि ते मला बघायचं नाही. त्या पायरीवर मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मग परत वर गेले आणि दारावर हात टेकवला. ते उघडलं.

काकू दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, केसांना पाणी लावून चापून बसवलेले. टेबलावर दोन कप, वर बशा झाकलेल्या. दार हललेलं दिसताच त्यांचा चेहरा उजळला, असा उजळला की मला तो सहन होईना. बाबांचाही असाच उजळला असता. त्या दुपारी साडेतीनपासून ऊन उतरेपर्यंत ते या खुर्चीसारख्या खुर्चीत बसून दाराच्या फळीकडे बघत होते, कधी हलते म्हणून, आणि त्यांना वाटलं, पोरीचा राग अजून गेला नाही. हे मला तिथे, काकूंच्या उंबऱ्यावर, पहिल्यांदा पूर्ण कळलं. दाराची चौकट धरून उभी राहिले.

"किती उशीर," काकू म्हणाल्या. "ये, बस. आणलास कागद?"

"आधी तपासते. तपासल्याशिवाय लिहीत नाही मी." हे वाक्य माझ्या तोंडातून जरा जास्तच कडक निघालं. मी त्यांची खुर्ची फिरवली, पाठ माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे. त्यांनी मान वळवून माझा चेहरा शोधायचा प्रयत्न केला. मी खूण करून सांगितलं, वाजवलेलं ऐकू आलं की बोट वर करायचं. टेबलावरचा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या शाळकरी पोरीसारख्या ताठ बसल्या, उजव्या हाताचं बोट तयार. मी कपाटाच्या दारावर पेरांनी वाजवलं. बोट हललं नाही. आणखी जोराने वाजवलं. मग मुठीने, आतल्या बरण्या खणखणल्या इतक्या जोराने. काकू भिंतीकडे बघत बसल्या होत्या, बोट तसंच तयार.

"कर ना सुरू," त्या म्हणाल्या.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि काय ते समजल्या. "मला माहीत आहे गं," त्या मग म्हणाल्या. "माझं मला कळत नाही का? पण एकदा सांगितलं ना, की लोक ओरडून बोलायला लागतात. ओरडून फक्त कामाचं बोलतात. जेवलीस का, बरी आहेस का, हे कोणी ओरडून विचारत नाही." मी ओठ हलवत म्हणाले, "मी आताही वाजवलं, काकू. आणि आत येण्याआधी तुमच्या दारावरही वाजवलं होतं. तीनदा." त्यांनी माझ्या ओठांवरून शब्द न् शब्द उचलला. मग आश्चर्याने म्हणाल्या, "मग वाजवत कशाला बसलीस? ढकलायचं आणि आत यायचं. तुझ्यासाठीच तर कडी काढून ठेवली होती."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, अगदी आवाज करून. त्यांना तो ऐकू येत नव्हता हे एक बरं होतं. पण थरथर कळली असावी, कारण त्यांचा तळहात माझ्या पाठीवर सपाट पडला आणि तिथेच राहिला. चहा पार गार झाला होता. तो आम्ही तसाच प्यायलो. मग मी कागद घेतला आणि त्यांच्या मुलाला लिहिलं की तुमच्या आईला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, दोन्ही कानांना यंत्र लागेल, माझ्या दवाखान्यात घेऊन या, मी स्वतः तपासून बसवून देईन. बाकी हातपाय, डोळे, डोकं तुमच्यामाझ्यापेक्षा ठीक आहे, यंत्र लागल्यावर त्या इथे राहू शकतील की नाही ते तेव्हा दोघांनी बसून ठरवा, आणि ठरवताना त्यांच्यासमोर बसून बोला. खाली सही केली. काकूंनी वाचलं. "हे काय मी मागितलं नव्हतं," त्या फुरंगटून म्हणाल्या. आणखी एकदा वाचलं. मग घडी घालून डब्यात ठेवलं, फाडलं नाही. मी दुसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दार वाजवू नका, ढकलून आत या, आणि तो चिमट्याने त्यांच्या दाराच्या कडीला लावला. "चोरांची सोय केलीस," काकू म्हणाल्या. मी म्हणाले, ऊन असेपर्यंतच लावा, अंधार पडला की काढून कडी घाला.

रजेचे दोन दिवस उरले होते. ते मी काढले. टकटक गेली असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी दुपारी कारखान्याचं यंत्र पुन्हा बंद पडलं, आणि मी खोलीत बॅग भरत असताना ती आली. साडेतीन वाजले असतील. टक, टक. मी हातातला टॉवेल तसाच धरून दाराकडे तोंड करून बसले. जरा थांबून, टक. पलीकडे जी उभी होती ती आता रागाने जिना उतरणार हे मला माहीत होतं, आणि मला तिचीही दया आली. मी जितक्या मोठ्याने म्हणता येईल तितक्या मोठ्याने म्हणाले, "अगं ये ना. उघडंच आहे."